दोन बाजरी, सात डाळिंब

“दोन बाजरी, सात डाळिंब. शून्य चिंच, चार एरंड.”

“थांबा. चार एरंड? मागनं घ्या, बाई.”

मी ओळ पुन्हा मागून घेत असे. बारामतीत इंदापूर रस्त्याला, कालव्याच्या भरावाखाली तात्यांची पत्र्याची शेड होती. दुपारी खिळ्यांच्या भोकांतून ऊन टिपक्याटिपक्यांनी खाली उतरे. डिझेलचा, तापल्या रबराचा आणि कालव्यातल्या ओल्या गाळाचा वास एकमेकांत मिसळून जाई. वर शिकाऊ विमान घिरट्या घालत असे आणि त्याचा आवाज जवळ येऊन पुन्हा लांब जाई. तात्या डोळे मिटून स्टुलावर बसल्यासारखे करत. बसल्यासारखे म्हणते, कारण त्यांना स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाही. सारे अंग जागच्या जागी ठेवले तरी त्यांचा उजवा पाय चालूच राही. टाच जमिनीवर, चवडा वर. मग चवडा हळूच खाली. दाबला, सोडला, दाबला, सोडला.

जुन्या डिझेल गाड्यांच्या बॉनेटखाली शाळेच्या डब्याएवढी एक ॲल्युमिनियमची पेटी असते. पाय किती दाबला की इंजिनाला किती डिझेल द्यायचे, ते केव्हा द्यायचे, हवा किती घ्यायची, याचे आकडे तिच्यात तक्ते मांडून ठेवलेले असतात. कंपनी ते एकदा लिहून देते. मग गाडी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते आणि अधिक ओढीच्या हौसेने कुणी तरी ते आकडे बदलून देते. तात्याही पूर्वी बदलून देत. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते फक्त वाचत. पेटीतली फाईल केबलने लॅपटॉपवर उतरवायची, कंपनीची मूळ फाईल तिच्या शेजारी लावायची, परक्याचा हात कुठे लागला आहे ते शोधायचे आणि गाडीला तिचे मूळ आकडे परत द्यायचे.

त्या लिपीत नऊच्या पुढे ए ते एफ ही सहा अक्षरेही आकडे म्हणून येतात. बी, सी, डी, ई मोठ्याने वाचली तर कानाला सगळी एकसारखी. म्हणून तात्यांनी त्यांच्या जागी आंबा, बाजरी, चिंच, डाळिंब, एरंड आणि फणस लावले होते. तक्त्याला ते वाफा म्हणत, ओळीला सरी. “पाचव्या वाफ्यातली तिसरी सरी” असे ते म्हणाले, की मला बोटांना माती लागल्यासारखे वाटे. शेडवर आलेले गिऱ्हाईक बाहेरूनच विचारी, “तात्या, गाडी बघताय का फळं इकताय?” तात्या डोळे न उघडता म्हणत, “एरंड हाय शिल्लक. देऊ का?”

फरक दाखवायला संगणक होता. तो क्षणात लाल रंगाने दाखवीही. तरी तात्यांना वाचून घ्यावे लागे. मी एकदा कारण विचारले.

“ते फरक कुठं हाय एवढं सांगतंय. का केला ते न्हाय सांगत. कानाला कळतं. चांगली सरी चढत जाती आन् उतरती. कुणी हात घातला की ती अडखळती.”

हे मला पटले. मी हस्तलिखितांच्या पाठभेदांवर प्रबंध लिहिला होता. एका आख्यानाच्या चार पोथ्या चार वर्षे समोर ठेवून, कुठल्या लेखकूने कुठला शब्द बदलला आणि तो का बदलला असेल, हे वृत्ताच्या अडखळण्यावरून ओळखायला मी शिकले होते. डिझेलच्या वासात बसलेला एक माणूस तीच विद्या दुसऱ्या दाराने शिकला होता, आणि ती त्याला चैन पडू देत नव्हती.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती माझ्याच गाडीच्या दुखण्यापायी. इंदापूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला मी बारामतीहून रोज जात असे. गाडी वडिलांची. ते गेल्यावर माझ्याकडे आलेली, जुनी, पांढरी. आधी ती पाय दाबताच उसळायची. मग एकाएकी सणसरच्या अलीकडे तिला धाप लागू लागली. तात्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि चालू इंजिनाचा आवाज ऐकत गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

“हिला कुणी तरी पळायला शिकीवलंय. वय न्हाय बघितलं हिचं.”

“माझ्या वडिलांनी कधी साठच्या वर गाडी नेली नाही.”

“त्यांच्या आधीच्यानं नेली आसंल. तुमाला वाचायला येतं का?”

“मी मराठी शिकवते.”

“मग आकडे वाचा.”

पूर्वी त्यांची मुलगी वाचून दाखवी. ती लग्न होऊन सांगवीला गेली तेव्हापासून त्यांचा कान उपाशी होता. मी वाचत गेले आणि तिसऱ्या वाफ्यात तात्यांनी हात वर केला. त्यांनी माझ्या गाडीला मूळ आकडे परत घातले. तिची धाप गेली. पण पहिले काही दिवस ती मला आळशी वाटली. पाय दाबला की ती जरा विचार करून निघे. एकदा एसटीला ओलांडायला निघाले आणि समोरचा ट्रक अंदाजापेक्षा लवकर जवळ आला. मी घाईने गाडी मागे घेतली, रस्त्याच्या कडेला थांबून पाणी प्यायले आणि ते विसरून गेले. तो दिवस पुढे कधी आठवावा लागेल असे तेव्हा वाटले नव्हते.

त्यानंतर रविवारी दुपारी मी शेडवर जाऊ लागले. का जात असे याचे नेमके उत्तर माझ्याकडे नाही. कवितेच्या तासाला वर्गात जे ऐकले जात नव्हते ते तिथे ऐकले जात होते, एवढे खरे.

तात्यांचा चहा नेहमी गार होई. कप हातात घेऊन ते दारापर्यंत जात, कडुनिंबापर्यंत जात, परत येत, आणि येताना कप कुठे तरी ठेवून येत. संध्याकाळी मी गाडीच्या टपावरून, बॅटरीवरून, कुंपणाच्या दगडावरून साय धरलेले कप गोळा करी. हात ते वर्तमानपत्राने पुसत आणि पुसता पुसता त्यातली बातमी वाचू लागत. मग ओळ अर्धी सोडून उठत. डिझेल बोटावर घेऊन हुंगत आणि सांगत, “ह्या पंपाला पुन्हा जाऊ नगा.” कुणी गाडीची स्तुती केली तर त्यांना ऐकवत नसे. ते लगेच विचारत, “आन् वहिनी बसल्यात का हिच्यात? त्या काय म्हणत्यात?” गिऱ्हाइकांना हा प्रश्न विचित्र वाटे. मलाही वाटे.

एकदा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक तरुण जुनी मोठी गाडी घेऊन आला. गाडीच्या काचा काळ्या, हॉर्न तीन सुरांचा.

“तात्या, धूर निघाला पायजे. काळा. मागचा दिसला न्हाय पायजे.”

“मागचा कोण हाय?”

“कुणी बी.”

“धूर पायजे तर उसाच्या फडाला काडी लाव की. गाडीला कशाला तरास?”

“पुण्यात करून देत्यात, तात्या.”

“मग पुण्यात जा. येताना डांबरावर नीट ये. आन् मागचा दिसंना झाला की मला फोन कर, म्हण, तात्या, मागं माजाच बाप हुता.”

तरुण हसला. तात्या हसले नाहीत. तो गेल्यावर ते बराच वेळ कालव्याच्या भरावावर येरझारा घालत राहिले आणि परत आल्यावर म्हणाले, “बाई, दादाची काढा.”

दादाची फाईल. प्रत्येक रविवारची शेवटची फाईल तीच असे.

दादा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. निमगाव केतकीला त्यांची डाळिंबाची बाग होती. सात वर्षांपूर्वी तात्यांनी हौसेने दादांच्या गाडीचे आकडे बदलून दिले होते. थोरल्या भावाला धाकट्याची कला दाखवायची होती, आणि गाडीही खरोखर अशी ओढू लागली की दादा येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून चक्कर मारून आणत. चार महिन्यांनी सणसरच्या वळणाच्या पुढे, उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ओलांडताना, समोरून टेम्पो आला. गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. दादांना खरचटले. शेजारी बसलेल्या वहिनींचा उजवा हात मनगटापासून कायमचा गेला. म्हणजे हात राहिला, पण मूठ मिटेना. दवाखान्यात दादा धाकट्या भावाला एकच वाक्य बोलले होते, “गाडी निघालीच न्हाय.”

त्या वाक्याने तात्यांचे पुढचे आयुष्य धरून ठेवले होते. ऐन ओलांडताना गाडी निघाली नाही, याचा अर्थ त्यांनी लिहिलेल्या एखाद्या सरीत एक आकडा चुकीचा पडला होता आणि नेमक्या त्या क्षणी इंजिनाचे डिझेल कमी झाले होते. तो आकडा त्यांना सापडत नव्हता. कंपनीची मूळ फाईल आणि स्वतः लिहिलेली फाईल शेजारी ठेवून त्यांनी आधी मुलीकडून, मग माझ्याकडून किती वेळा वाचून घेतल्या, मधल्या काळात स्वतः किती वेळा वाचल्या, याची गणती नाही. मला त्यांच्या काही सऱ्या पाठ झाल्या होत्या. त्या चांगल्या होत्या. चढत होत्या, उतरत होत्या, कुठेही अडखळत नव्हत्या. हे मी म्हटले की तात्यांचा पाय अधिकच जोरात हलू लागे.

“मग हात कशानं गेला, बाई?”

दर पंधरवड्याला ते निमगावला जात. अंगणात बसत, बागेला पाणी किती झाले ते विचारत आणि उठत. सात वर्षांत ते त्या घरात जेवले नव्हते. वहिनींच्या हातची भाकरी आता वहिनींच्या हातची राहिली नव्हती, आणि ती समोर आली तर आपल्याला गिळणार नाही, असे ते मला एकदा भरावावरून चालता चालता, माझ्याकडे न पाहता म्हणाले होते.

एका रविवारी वाचता वाचता मी थांबले. “तात्या, तिसरी प्रत कुठे आहे?”

“कसली तिसरी?”

“मूळ प्रत आहे. तुम्ही लिहिलेली आहे. पण अपघात झाला तेव्हा पेटीत जी होती ती?”

“ती हीच की. मीच घातलेली.”

“काढून पाहिलीत?”

“गाडी दादाच्या शेडात हाय, ताडपत्रीखाली. त्यात येगळं काय निघणार?”

“लेखकूला नेहमी वाटतं, की आपण लिहिलं तेच पोथीत आहे. पोथी उघडल्याशिवाय ते कळत नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला आणि ते बाहेर गेले. ते परत येईनात, म्हणून मी लॅपटॉप बंद करून घरी आले. पुढचे दोन रविवार त्यांनी दादाची फाईल काढायला सांगितली नाही. सारे आयुष्य इतरांच्या पेट्या उघडणारा तो माणूस त्या एका पेटीपाशी सात वर्षे गेला नव्हता. आपली चूक कागदावर शोधणे एक; ती जिथे घडली तिथे हात घालून बाहेर काढणे दुसरे. तिसऱ्या रविवारी मी पोचले तेव्हा ते केबल गळ्यात अडकवून दारातच उभे होते.

“चला.”

माझ्याच गाडीने गेलो. सणसरच्या वळणावर त्यांनी मान कालव्याकडे वळवली आणि वळण मागे पडल्यावरच सरळ केली. हवेत मळीचा आंबूस वास होता.

दादा बागेत छाटणीची कात्री घेऊन उभे होते. तात्यांसारखाच चेहरा, फक्त निवलेला. “पेटी काढायची हाय,” तात्या म्हणाले. दादांनी कात्री मिटली आणि ते शेडाकडे चालू लागले. ताडपत्री ओढली तेव्हा वाळक्या पानांचा आणि उंदरांच्या लेंड्यांचा वास आला. बॉनेटचा डावा कोपरा अजून बाभळीच्या खोडाच्या आकाराचा होता. तात्यांनी पेटी सोडवली, ओट्यावर आणली, फवारणीच्या ट्रॅक्टरची बॅटरी तिला जोडली आणि फाईल उतरवून घेतली. पहिल्यांदा त्यांनी ती आपण लिहिलेल्या फाईलशेजारी लावली. सारा पडदा लाल झाला.

मग मूळ फाईलशेजारी लावली. एकही लाल ठिपका उमटला नाही.

“चुकतंय,” तात्या म्हणाले. “बाई, वाचा.”

मी ओट्यावर बसून वाचू लागले. तात्या अंगणात फिरत होते, तुळशीपासून गोठ्यापर्यंत आणि परत. “एक फणस, शून्य आंबा. दोन बाजरी, सात डाळिंब.” दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. उजवा हात पदराखाली. त्यांनी दोन सऱ्या ऐकल्या, तिसरी ऐकली.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “नका वाचायला लावू त्यांना. ती मूळचीच हाय.”

तात्या गोठ्यापाशी थांबले.

“मीच म्हणलं हुतं ह्यांना. गाडी अंगावर येती, मला भ्या वाटतं, पयल्यासारखी करून आणा. ह्यांनी पुण्यात जाऊन करून आणली. आठ दिस झालं हुतं. तुमाला सांगायचं कसं? तुमी एवढ्या हौसेनं केल्याली.”

“आठ दिस,” तात्या म्हणाले.

“सांगणारच हुतो,” दादा म्हणाले. “मग ते झालं. आन् मागनं आमाला वाटलं तुला ठावं झालं. तू समद्यांच्या गाड्या वाचतूस. तू आत यायचा बंद झालास, जेवंना झालास. आमाला वाटलं, केल्यालं काढून टाकलं म्हणून राग आलाय तुला.”

सात वर्षे अंगणाच्या दोन टोकांना बसून त्यांनी पाणी किती झाले एवढेच एकमेकांना विचारले होते.

मला वाटले, आता तात्या मोकळे होतील. त्यांची फाईल त्या दिवशी गाडीत नव्हतीच. त्यांच्या एकाही आकड्याने कुणाचा हात गेला नव्हता. पण ते दादांच्या पुढ्यात येऊन उकिडवे बसले आणि त्यांनी असा प्रश्न विचारला जो माझ्या मनात येणे शक्य नव्हते.

“दादा, ट्रॅक्टरला वलांडताना तुजा पाय किती दाबला हुता?”

दादांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिले. “रोज दाबायचो तेवढाच. चार महिनं जेवढा दाबला तेवढाच. मला वाटलं निघंल. आठ दिसात पाय इसरत न्हाय रं.”

तेव्हा मला माझी एसटी आठवली, समोरचा ट्रक आठवला, रस्त्याच्या कडेला प्यायलेले पाणी आठवले. गाडी मूळची झाली होती. पाय मूळचा झाला नव्हता. तो फरक कुठल्याच प्रतीत उमटणारा नव्हता. तो दादांच्या घोट्यात होता, आणि तिथे तो तात्यांनी घातला होता, किंवा हौसेने, किंवा न सांगितलेल्या एका गोष्टीने. पाठभेद शिकताना आम्ही नेहमी पोथ्याच पाहिल्या. बदललेला पाठ गाऊन गाऊन ज्यांची जीभ वळली, त्यांचे काय झाले, हे कुणी पाहिले नाही.

“मग निम्मं माजंच,” तात्या म्हणाले.

“निम्मं कुणाचं कशाला?” वहिनी म्हणाल्या. “हात माजा हाय. मी वाटून देत न्हाय कुणाला. आत या आता. भाकरी सूनबाईनं केल्यात, जाड असत्यात, पण खाव्या लागतील.”

ते आत गेले. किती खाल्ले ते मी पाहिले नाही. मी मुद्दाम बागेकडे तोंड करून बसले होते.

त्यानंतर शेडवरचा रिवाज बदलला. फाईल कुणाचीही असो, मूळ आकडे परत घातल्यावर तात्या गाडी ताब्यात देईनात. मालकाला चालवायला बसवत, आपण शेजारी बसत आणि कालव्याच्या रस्त्याने तासभर फिरवून आणत. सगळा वेळ त्यांची नजर मालकाच्या उजव्या पायावर. माणसे अवघडून जात. एका सरकारी नोकरीतल्या गृहस्थांनी विचारले, “तात्या, माझ्या बुटात काय आहे?” तात्या म्हणाले, “जुनी गाडी हाय तुमच्या बुटात. ती उतरंस्तोवर बसू.” माझ्याही पायाची त्यांनी एक दुपार परीक्षा घेतली आणि पायही बदलावा लागेल हे न सांगता गाडी बदलून दिल्याबद्दल, रस्त्यावरून नजर न हलवता, माफी मागितली. रविवारचे वाचन हळूहळू थांबले. बाजरी, डाळिंब, एरंड शेडमध्ये ऐकू येईनासे झाले. पुढे मला पुण्यात नोकरी लागली.

बारामती सोडण्याआधीच्या रविवारी तात्यांनी मला निमगावला बोलावले. दादांची गाडी दुरुस्त होऊन अंगणात उभी होती. सात वर्षांनी दादा स्टिअरिंगला बसणार होते. वहिनी मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसल्या, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. पुढे दादा, त्यांच्या डावीकडे तात्या. आम्ही सणसरच्या दिशेने निघालो. थोड्याच वेळात पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. पाचटाचा चुरा काचेवर येऊन आदळू लागला. रस्ता समोर लांबवर मोकळा दिसत होता.

“जाऊ का?” दादांनी विचारले.

“तुजा तू बघ,” तात्या म्हणाले.

दादा गेले नाहीत. गाडी ट्रॅक्टरच्या मागे, त्याच्याच चालीने चालत राहिली. वळण आले, बाभूळ आली आणि मागे गेली. वहिनींनी खिडकीची काच डाव्या हाताने खाली केली; उसाचा गोडसर, हिरवा वास आत आला. दादांचा पाय पेडलवर अगदी शांत होता. मी जरा पुढे वाकून पाहिले. डाव्या बाजूला, जिथे कुठलेही पेडल नसते तिथे, तात्यांचा उजवा पाय दाबत होता, सोडत होता, दाबत होता.